मंगळावरची सुगडं

शाल्मलीने मैद्याहून बारीक दळलेली माती घेतली, पाणी घालून मळली, वाटीचा आकार दिला आणि हात काढला. हात काढल्याबरोबर वाटीने अंग टाकलं. सकाळपासून अशा बऱ्याच वाट्या निवर्तल्या होत्या.

मंगळावरच्या त्या वसाहतीत संक्रांत तोंडावर आली होती. इथून बघितलं तर सूर्य मकर राशीत जातो की नाही, यावर वसाहतीत बराच वाद झाला. तिळगुळाचा वास सुटल्यावर तो आपोआप मिटला. प्रश्न उरला सुगडांचा. सुगड म्हणजे संक्रांतीला पूजतात ते मातीचं छोटं मडकं. त्यात हरभरे, बोरं, उसाची कांडकी भरून ते एकमेकींना देतात. गेल्या वर्षी त्रिमितीय छपाईयंत्रातून प्लास्टिकची सुगडं काढली होती. "छान आहेत हो," असं सगळ्या बायका एकाच आवाजात म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सुगडांत स्क्रू ठेवले जाऊ लागले.

यंदा शाल्मलीच्या आईने काचघरात मंगळावरचा पहिला ऊस पिकवला होता. "माझा ऊस प्लास्टिकमध्ये जाणार नाही," असं तिने सांगून टाकलं, आणि शाल्मली चारचौघांत म्हणून बसली, "मी करते मातीची!" संक्रांतीपर्यंत जमलं नाही, तर छपाईयंत्र आहेच. शेजारच्या सरंजामेकाकू रोज प्रेमाने विचारत, "झाली का गं?" त्या प्रेमाचीच जास्त भीती होती.

"देशमानेकाका, असं का होतंय हो?" शाल्मलीने विचारलं.

देशमाने हे यंत्रमानव होते. वसाहतीतल्या यंत्रमानवांना आधी नुसते क्रमांक होते. पण मोठ्यांना आकड्याने हाक मारणं बरं दिसत नाही अशी तक्रार आली, तेव्हा सगळ्यांना आडनावं मिळाली.

"माती निर्दोष आहे," देशमाने म्हणाले. "चिकणमाती म्हणजे दोन मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांची माती. खडक मी स्वतः दळला आहे. दोष तुझ्या हातांचा असावा."

"माझ्या हातांचा?"

"बाकी सगळं मी तपासलं आहे."

तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे शाल्मलीच्या आईचे वडील, भूशास्त्रज्ञ (दगडमातीचा अभ्यास करणारे). निवृत्त झाल्यापासून दगडांना ते जास्तच वेळ देत. त्यांनी चिमूटभर चिखल बोटांत चोळला.

"अगं, हे दगडाचं पीठ झालं. चिकणमाती कुठाय?"

"व्याख्येनुसार..." देशमाने म्हणाले.

"व्याख्या अर्धीच पाठ केलीत, देशमाने. कण बारीक हवेत हे खरं. पण मीठ कितीही बारीक कुटलं, तरी त्याची साखर होते का?"

देशमान्यांनी मान तिरकी केली. ते हिशेब करत असावेत.

आबांनी दोन सपाट ताटल्या ओल्या करून एकीवर एक ठेवल्या. "वरची उचल बघू."

शाल्मलीने जोर लावला. दोन्ही एकदमच वर आल्या.

"आता बाजूला ढकल."

वरची ताटली सर्रकन सरकली.

"चिकणमातीचे कण असेच असतात," आबा म्हणाले. "चपटे, पापुद्र्यांसारखे. मधे पाण्याचा पातळ थर. म्हणून दाबलं की सरकतात आणि सोडलं की तिथेच धरून बसतात. याला आकार्यता म्हणतात (दिलेला आकार घेण्याचा आणि टिकवण्याचा गुण). तुमच्या पिठातले कण म्हणजे खडीचे ओबडधोबड तुकडे. खडीचं मडकं होईल का?"

"मग आपण पापुद्रे दळू या!"

"दळून होत नाहीत गं, तिथेच तर गोम आहे. खडकात हजारो, लाखो वर्षं पाणी मुरतं, त्यातली काही द्रव्यं विरघळवून नेतं, आणि उरलेल्यांची नवी जुळणी होऊन वेगळंच खनिज तयार होतं. दळलं की कण लहान होतो. पाण्याने तो बदलतो."

शाल्मलीचा चेहरा पडला. "म्हणजे इथे मिळणारच नाही. मंगळावर कुठलं आलंय पाणी?"

"आता नाही," आबा म्हणाले आणि खिडकीकडे वळले. दूर, तांबड्या मैदानापलीकडे, फिकट रंगाची थराथरांची दरड दिसत होती. "ते काय आहे माहितीय? तळ्याचा तळ."

शाल्मली अंतराळपोशाखाकडे धावली. डावा बूट उजव्या पायात घालूनच ती गाडीपाशी पोचली.

दरडीतून पोतंभर माती आली. मंगळाच्या मातीत विषारी क्षार असतात, म्हणून देशमान्यांनी ती धुतली. आधीच्या चुकीमुळे ते जरा जास्तच मन लावून धूत होते. मग शाल्मलीने मातीची वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळली. वळी कुठेही चिरली नाही.

"आबा, ऐकतेय ही!" ती ओरडली.

सुगडं सावलीत वाळली. "पण अजून ती कच्ची आहेत," आबांनी बजावलं. "पाण्यात टाकलीस तर पुन्हा चिखल. भट्टीत भाजली की खनिजाच्या आत बांधलेलं पाणीही निघून जातं, कण एकमेकांना जखडतात. मग मागे फिरणं नाही." कार्यशाळेच्या भट्टीतून सुगडं निघाली तेव्हा टिचकी मारल्यावर टणटण वाजत होती. आईने त्यांत ऊस भरला आणि उगाचच दोनदा डोळे पुसले.

हळदीकुंकवाला सरंजामेकाकूंनी एक सुगड रिकामं केलं, त्यात पाणी ओतलं आणि वाट बघत बसल्या.

"शाल्मली," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पाझरतंय गं हे."

सगळ्यांच्या माना सुगडाकडे वळल्या. शाल्मलीचे कान तापले. तिने सुगडाला हात लावला, आणि हात तिथेच ठेवला.

"काकू, हात लावून बघा. गार लागतंय!" तिने आबांकडे पाहिलं. आबा मुद्दाम छताकडे बघत होते. "पाणी निघून गेलं तिथे बारीक छिद्रं उरली असणार. त्यांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि जाताना ती आतली उष्णता घेऊन जाते. हो ना?"

काकूंनी एक घोट घेतला. डोळे मिटले. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माठाचं पाणी!"

बाहेर उणे साठ तापमान होतं, आणि आत गार पाण्याच्या एका घोटासाठी अख्खी वसाहत रांगेत उभी होती.

"एवढ्याशाने काय होतंय?" काकू सुगड न सोडता म्हणाल्या. "मोठा माठ कर. तोटीचा."

शाल्मली देशमान्यांकडे वळली. त्यांनी गाडी आधीच चार्जिंगला लावली होती.