जावईबापूंचा सव्वा तास

यातलं काही रचलेलं नाही. ज्यांना हसू येतं त्यांनी पुण्यात धायरीला यावं, रंगनाथच्या घरात केरसुणी उचलून दाखवावी. मग खुशाल हसावं.

गेल्या फेब्रुवारीतली दुपार. रंगनाथ फोन समोर ठेवून बसला होता. त्याची बायको चंद्रभागा सकाळच्या विमानाने नागपूरला लेकीकडे निघाली होती.

फोन आला... पण जावयाचा.

"बाबा, आई गेल्या."

विमानातच. शेजारच्या बाईला वाटलं, डोळा लागलाय.

चंद्रभागाला खरं तर रेल्वेनेच जायचं होतं. पण जावई सौमित्र हुशार. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. त्याने मोबाइलवर नकाशा काढून सासूला शिकवलं, की विमानतळ ते विमानतळ सहाशे किलोमीटर, सव्वा तास, बस्स. निघताना तिने रंगनाथला नेहमीसारखं बजावलं, की पोहोचल्याचा फोन येईपर्यंत केर काढू नका. माणूस वाटेत असताना घर झाडायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. त्यावरही हा शहाणा फोनवरून हसला होता.

"आई, सव्वा तासात केर तरी साचतो का?"

रंगनाथ बसने नागपूरला गेला. सगळं तिथेच उरकलं. त्याने जावयाला एवढंच विचारलं, "ती गेली तेव्हा खाली कोणतं गाव होतं?"

सगळी अंतरं तोंडपाठ असलेल्या माणसाने मोबाइलवर नकाशा काढला... आणि तसाच खिशात ठेवला.

तेराव्यानंतर रंगनाथ घरी परतला. फरशीवर धूळ होती. त्याने केरसुणी हातात घेतली...

कानांना दडे बसले.

रस्त्यावरच्या रिक्षा गप्प. शेजारचा कुकर गप्प.

मग एक घरघर... एकसारखी. आभाळातून नव्हे. आतल्या खोलीतून.

रंगनाथ जन्मात विमानात बसला नव्हता. तरी त्याने ओळखलं.

"अहो, ठेवा ती केरसुणी. मी पोहोचले का?"

त्याने ठेवली. कान मोकळे झाले.

कानाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मळ काढून दिला. शिकलेली माणसं.

मे महिन्यात सौमित्र पुण्याला आला. दारातच त्याने नाक मुरडलं. या जमान्यात असल्या गोष्टी मानता, वगैरे भाषण झालं. मग स्वतःच केरसुणी उचलली. रंगनाथने अडवलं नाही.

पहिलाच हात मारला...

केरसुणी पडली. सौमित्रने दोन्ही कान गच्च दाबून धरले.

भर दुपार. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

आतल्या खोलीतून, चंद्रभागाच्या नेहमीच्या तिरकस सुरात...

"जावईबापू, झाला का तुमचा सव्वा तास?"

रंगनाथनेही ते ऐकलं. स्पष्ट.

सौमित्र त्याच संध्याकाळी परत निघाला. खिशात विमानाचं तिकीट होतं. गेला रेल्वेने.

लेक फोनवर सांगते, बाबा, घराची शांत करून घ्या. कसली शांत? रंगनाथला चंद्रभागाची भीती वाटत नाही. त्याला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. ती अजून वर आहे, पट्टा बांधून बसलेली. आणि खाली कोणतं गाव आहे, ते तिला कोणी सांगत नाही.

केर अजून काढलेला नाही.