एकेचाळीस टक्के ओल

तो बॉल मला दिसला नाही, ऐकू आला. आधी वरून शिट्टीसारखा आवाज, मग माझ्या हातापासून वीतभर अंतरावर — पच्च! — आणि मग काहीच नाही. चिखलात एक गोल भोक, आणि माझ्या चष्म्यावर तपकिरी ठिपके.

मी सातव्या होलच्या उतारावर गुडघे टेकून जमिनीतली ओल मोजत होते. गोल्फच्या मैदानावर माझी तीच नोकरी होती.

"बॉल बघितलात का हो?" लांबून हाक आली. हाक मारणाऱ्याच्या एका पायात बूट होता, दुसऱ्या पायात नुसता मोजा. चिखलात रुतून निघालेला दुसरा बूट त्याच्या हातात होता.

"बघितला नाही. ऐकला."

"लागला तर नाही ना?"

"वीतभर चुकला."

"माझं सगळं तेवढ्यानंच चुकतं," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर येऊन थांबला. "अरेरे, चष्मा! द्या इकडे."

मी दिला. का दिला, कोण जाणे... अनोळखी माणसाला मी एरवी पेनसुद्धा देत नाही. त्यानं खिशातून मऊ पिवळं फडकं काढलं, काचा पुसल्या आणि चष्मा आभाळाकडे धरून एक डोळा मिटला. "उणे अडीच. उजवा जरा कमी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो मी. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं, एवढंच काम."

तोपर्यंत तो माझ्यासाठी एक धूसर, हसरा आकार होता. मी चष्मा चढवला आणि जगातली पहिली स्पष्ट गोष्ट दिसली, ती म्हणजे त्याच्या हनुवटीवरचा चिखल.

तो आपल्या मामांच्या मित्रमंडळाबरोबर चार दिवसांच्या सहलीला आला होता. झाडांना नुकती पालवी फुटलेली, आणि रोज दुपारी हटकून येणारी पावसाची सर. गावात दोन मैदानं, वरचं आणि खालचं, आणि दोन्ही चिखलानं माखलेली. गोल्फमध्ये आकडा जितका कमी, तितका खेळाडू बरा. चांगले लोक सत्तर-ऐंशी फटक्यांत अठरा होल संपवतात. याचं स्वप्न साधं होतं : एकदा तरी शंभरच्या आत यायचं. मामांशी पैज होती. जमलं नाही, तर पुढच्या सहलीत मामांची बॅगही त्यानंच वाहायची.

त्या दिवशी त्याचे एकशे अकरा झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या मैदानाच्या फळ्यावर आकडा लिहीत होते, तर मागून आवाज आला, "काय मीटरबाई, उघडं का?"

"उघडं, एकशे अकरा. ओल चौतीस टक्के."

"हे नाव ठेवलंत माझं?"

"आज कमी करा, म्हणजे नावही बदलेल."

तो हसला. मग मीटरकडे बोट दाखवून म्हणाला, "हे चालतं कसं?"

मला कुणी असं विचारलं की मी सुटतेच. त्याला दाखवलं — तीन दाते जमिनीत खुपसायचे, पडद्यावर ओल दिसते. चाळीसच्या वर गेली की मैदान बंद. ओल्या मातीवर चाळीस माणसं नाचली की मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि गवत महिनाभर रुसून बसतं. मैदान सांभाळणाऱ्या तात्यांनी हा हिशोब पूर्णपणे माझ्या हाती सोपवला होता.

"प्रत्येक ठिकाणी दोनदा का मोजता?"

"पहिल्यांदा येतो तो नुसता आकडा. दुसऱ्यांदा तसाच आला, की ते माप."

त्यानं हे वाक्य चव घेतल्यासारखं मनात फिरवलं. "आमच्या दुकानात लोक फळ्यावरची अक्षरं पाठ करून येतात. नंबर कमी निघावा म्हणून. म्हणतात, जरा कमी लिहा ना."

"मग?"

"मग काय! नंबर कमी लिहिला तर त्यांनाच समोरचं धूसर दिसणार. मी लिहीत नाही." त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमचा मात्र उजव्याचा नंबर परत तपासायला हवा..."

"दुकानात येऊन?"

"इथंही चालेल. थोडं जवळून."

मी मीटर उचललं आणि निघाले. कान गरम झाले होते. हवेचं तापमान सोळा अंश होतं, त्यामुळे कारण हवामान नव्हतं.

त्या दिवशी एकशे पाच. तिसऱ्या दिवशी मी अठराव्या होलपाशी मुद्दाम रेंगाळत होते. ते सगळे आले ते भांडतच.

"अगं पोरी, तूच सांग याला!" मामा पोटावरचा पट्टा सावरत म्हणाले. "नव्व्याण्णव झालेत याचे. आणि हा म्हणतो शंभर!"

"बाराव्या होलला मी काठी फिरवली मामा. लागली नाही."

"लागलीच नाही, तर मोजायची कशाला?"

"मारायलाच फिरवली होती. हवेत गेलेला फटकाही फटकाच."

"कोण बघत होतं?"

"मी होतो ना."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "ताईनं याला नको तेवढं सरळ वाढवलंय."

त्या संध्याकाळी, पाऊस पत्र्यावर बडबडत असताना, मला कळून चुकलं की माझं काही खरं नाही.

आणि पाऊस थांबेना. चौथा दिवस शेवटचा. वरचं मैदान त्या दिवशी देखभालीसाठी बंदच होतं. खालचं उघडं राहिलं तर मंडळी दुपारपर्यंत खेळून संध्याकाळच्या बसनं जाणार, बंद असेल तर सकाळी दहाच्याच बसनं. हे मला आदल्या दिवशीच मामांकडून कळलं होतं.

उजाडताच मी अठराव्या ग्रीनसमोरच्या, होलभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या हिरवळीसमोरच्या, खोलगट जागेत गेले. सगळ्यात जास्त पाणी तिथेच साचतं, म्हणून निकाल तिथेच लागतो. एकेचाळीस. पुन्हा — एकेचाळीस. ते माप होतं. तरी मी बराच वेळ तिथेच बसले होते... शेवटी उठले आणि फळ्यावर लिहिलं : ओल एकेचाळीस टक्के. मैदान बंद.

तो बॅग घेऊन आला, फळ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"एकच टक्का?" मामा कळवळले. "अगं, एका टक्क्यानं काय आभाळ कोसळतं?"

"राहू द्या मामा," तो म्हणाला. "एका फटक्यानंही काही कोसळलं नव्हतं." मग माझ्याकडे वळला. "आता तुम्ही काय करणार?"

"बंद असलं की अठराही होलची ओल मोजावी लागते."

"मीटर धरायला माणूस लागतो?"

लागत नाही. ते पावणेदोन किलोचं आहे. "लागतो," मी म्हटलं.

"मामा, तुम्ही व्हा पुढे. मी संध्याकाळच्या बसनं येतो."

"मीटर धरायला!" मामांनी मला आणि त्याला आळीपाळीनं पाहिलं. "बरं, बरं. धरा. आमच्या वेळी आम्ही छत्री धरायचो."

तात्यांचे गमबूट त्याला दोन नंबरांनी मोठे होते. कडेकडेनं, पचक पचक करत आम्ही निघालो. पहिल्या होलपाशी त्यानं मीटर काठीसारखं दोन्ही हातांत धरलं, कंबर वळवली आणि हवेत झोकदार फटका मारला.

"कुठे गेला?" मी विचारलं.

"सरळ. मधोमध."

"अजिबात नाही. डावीकडे झुडपात गेला. तुमचा खांदा आधी वळतो, तीन दिवस बघतेय."

"तीन दिवस बघताय?" त्याचे डोळे चमकले.

"...मैदानावरच असते मी."

"बरं. झुडपात. दोन फटके."

मग आम्ही पूर्ण डाव खेळलो, बॉलशिवाय. मी मोजायची आणि आकडे वहीत लिहायची, एका रकान्यात ओल, दुसऱ्यात त्याचे फटके. पाचव्याला मी त्याचा बॉल तळ्यात घातला. नवव्याला त्यानं इतका सुंदर फटका मारला की मला मान्य करावंच लागलं. अकराव्याला तो घसरून बसला, आणि चिखलातूनच म्हणाला, "हा मोजू नका, हा फटका नव्हता." बाराव्यावर लक्षात आलं, त्याला हात देऊन मघाशी उठवलं होतं, तो हात सोडायचा राहून गेला होता.

अठराव्या ग्रीनपाशी पोचलो तेव्हा वहीत अठ्ठ्याण्णव झाले होते.

"दोन फुटांवरून हळूच ढकलायचा," मी म्हटलं. "हा गेला की नव्व्याण्णव. जिंकलात."

तो पवित्र्यात उभा राहिला. मान खाली घातली. मीटर मागे नेलं... आणि तसाच थांबला. मग हळूच पुढे आणलं.

"गेला?"

"नाही. चुकला."

"दोन फुटांवरून?"

"लक्ष दुसरीकडे गेलं." तो खाली वाकला. "मीटरबाई, सतरा होलना आपण दोनदा मोजलं. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन भोकांच्या दोन रांगा. इथे सकाळच्या किती आहेत?"

मला ठाऊक होतं.

"सात," त्यानं मोजून सांगितलं. "दोन पुरल्या असत्या ना? मग वरच्या पाच कशाला?"

माती कधी खोटं बोलत नाही. त्या क्षणी मला तिचा फार राग आला.

"चाळीस येतोय का, बघत होते," मी म्हणाले. "एकदा तरी."

"आला असता तर?"

"तर... तू दुपारपर्यंत थांबला असतास."

तू. निसटलंच. तो उठला, चिखलाचे हात विजारीला पुसले, खिशातलं पिवळं फडकं काढलं आणि माझा चष्मा अलगद उतरवला. काचा स्वच्छच होत्या. तरी त्यानं त्या सावकाश पुसल्या.

"वेडाबाई, मी तर एकेचाळीसलाही थांबलो."

धूसर दिसत होतं तरी तो किती जवळ आहे, ते मला कळत होतं. मोजायची गरज पडली नाही.

नंतर बसथांब्याकडे जाताना मी वही उघडून बेरीज केली. "चुकलेला एक, आत घालायचा एक — शंभर. पैज हरलास. मामांची बॅग तुलाच उचलायची."

"उचलीन, पुढच्या वर्षी. पण तेवढे दिवस मी थांबत नाही. येत्या शनिवारी येतो."

बस आली. तो पायरीवर चढला, आणि तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं की तात्यांचे बूट अजून त्याच्याच पायात आहेत, आणि त्याचे स्वतःचे बॅगेत. तो तिथल्या तिथे ते काढू लागला. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"शनिवारी नक्की?" मी बूट छातीशी धरून विचारलं.

"म्हटलं ना, येतो."

"तो नुसता आकडा झाला."

दार बंद होत होतं. त्यानं ते हातानं अडवलं, मागून कंडक्टर ओरडला, आणि तो डोकं बाहेर काढून माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "शनिवारी येतो."