कुर्लीला हवा होता मोकळा हात

ही गोष्ट २०६१ सालची. मालवणच्या समुद्रात प्रवाळांची (चिमुकल्या जीवांनी बांधलेल्या दगडासारख्या वसाहतींची) लागवड तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पाण्याखाली ती लागवड करणारा यंत्रमानव खेकड्यासारखा दिसे, म्हणून सगळे त्याला कुर्ली म्हणत.

कुर्ली घडवली होती दत्ताराम तारी या शास्त्रज्ञांनी. त्यांची दहा वर्षांची नात रेणुका सुट्टीभर या लागवडीच्या केंद्रातच पडीक असे. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरला होता. केंद्राच्या प्रमुख सामंतबाईंनी सांगून टाकलं होतं, की आज पुन्हा प्रवाळाच्या फांद्या मोडल्या, तर कुर्लीला उद्यापासून धक्क्याच्या खांबांवरचे शिंपले खरवडायला लावायचं.

कोडं असं होतं, की चूक कोणाची तेच कळेना. केंद्राच्या हौदात काम करताना कुर्लीचा हात जराही डगमगत नसे. तिला किनाऱ्यावरून चालवणारे गोविंदमामा केळुसकर खडकांमधून होडी काढण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. पण समुद्रात गेली, की तीच कुर्ली झोपाळ्यासारखी झुले आणि फांद्यांवर आदळे. मामा जितके जपत, तितकी ती जास्त झुले.

सकाळीही ती तशीच झुलू लागली. काही मोडायच्या आत मामा हुकूम देणं सोडून वैतागून उठले आणि खिडकीशी जाऊन बसले. रेणुका कुर्लीकडून चित्र येणाऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. कुर्लीचं झुलणं हळूहळू मंदावलं. मग ती पाण्याबरोबर नुसती डुलत राहिली.

रेणुकाने आजोबांना हे सांगितलं. आजोबांनी उत्तर द्यायचं सोडून तिलाच विचारलं, "आज आंघोळीच्या वेळी ओरडत का होतीस?"

गच्चीवरच्या बंबातलं गरम पाणी नळाला उशिरा येतं, ती म्हणाली. येईना म्हणून तिने नळ आणखी सोडला, तर एकदम चटका बसला. घाबरून कमी केला, तर गार पाणी अंगावर आलं.

"म्हणजे तू आत्ताचा नळ फिरवत होतीस, मघाचं पाणी बघून."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. केलेल्या कृतीचा परिणाम पाहून पुढची कृती सुधारण्याला प्रत्याभरण म्हणतात. सायकल चालवताना आपण सतत तेच करतो. पण परिणाम उशिरा दिसला, तर सुधारणाच बिघडवते. खाऱ्या पाण्यात बिनतारी लहरी लगेच विरून जातात, तार सोडली तर प्रवाळात अडकते. म्हणून कुर्ली ध्वनीच्या आधारे बोलते आणि तिने पाठवलेलं चित्र तुकड्या-तुकड्यांनी येतं. लाट तिला डावीकडे नेते, ते मामांना दिसेपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. मामा "उजवीकडे" असा हुकूम देतात, तोवर लाटच तिला उजवीकडे आणत असते. दोन्ही रेटे एक होतात आणि झोका वाढतो.

"मग तिलाच ठरवू दे ना," रेणुका म्हणाली. "लाट तर तिला लगेच कळते."

दुपारी धक्क्यावर कुर्लीचे विद्युतघट भरत होते. आजोबांनी सामंतबाईंना आणि मामांना तिथेच बोलावून सगळं सांगितलं. सामंतबाईंना ते पटलं, पण रुचलं नाही. आज हात मोकळा दिला, तर उद्या हे यंत्र म्हणेल मला कंटाळा आलाय, असं त्या म्हणाल्या.

तेव्हा कुर्ली स्वतः बोलली. "बाई, कंटाळा नाही येत. मला हे काम आवडतं. कुठे काय लावायचं ते तुम्ही ठरवा. हात कधी आणि किती वळवायचा, तेवढं माझ्यावर सोडा. थांबवायचं बटण मामांकडेच असू दे."

यंत्राला आवडतं म्हणजे काय, बाईंनी विचारलं. आजोबा हसले. ते माणसाबद्दल तरी पुरतं कुठे कळलंय, म्हणाले. पण विश्रांतीच्या तासाला हिला कुठेही जायची मुभा असते आणि ही जाते प्रवाळांपाशीच. एक बोट पसरून पाण्याची ओढ जोखत बसते.

आता सगळे मामांकडे बघू लागले. सुकाणू सोडणं हे त्यांनाच जड जाणार होतं. ते उठून कुर्लीपाशी गेले. मग त्यांनी कुर्लीच्या पाठीवर थाप मारली.

"माझ्या बापाशीन माका पयल्यांदा सुकाणू दिल्यान, तेव्हा मागे वळान बघूक नाय. हात काढलंय बाये. आता तुझा तू बघ."

संध्याकाळच्या आत कुर्ली पाण्यात उतरली. लाट डावीकडे ओढायला लागताच तिचे मागचे पाय उजवीकडे रेटत होते. पुढचा हात जागच्या जागी स्थिर होता. तिने एक फांदी रोवली, मग दुसरी. मामांचं बोट बटणावर होतं, पण ते दाबावं लागलं नाही. खडक भरला, तशी सामंतबाईंनीच आधी टाळी वाजवली.

पुढे गोविंदमामा नव्या यंत्रांना समुद्र शिकवू लागले आणि ऐंशी वर्षांचे होईपर्यंत शिकवत राहिले. सामंतबाईंनी रत्नागिरीला दुसरं केंद्र काढलं, तिथे पहिल्या दिवसापासून यंत्रांना मोकळा हात होता. दत्ताराम आजोबांनी त्या खडकावर मासे परतलेले पाहिले आणि मगच डोळे मिटले. कुर्ली आता जुनी झाली आहे, एक पाय लंगडतो, पण ती अजून तिथेच काम करते. निवृत्ती देऊ केली तेव्हा नको म्हणाली.

आणि रेणुका? गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखालच्या समुद्रात तिने घडवलेलं यंत्र उतरलं, तेव्हा ती पन्नाशीची होती. पृथ्वीवरून तिथे निरोप पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. "काम सुरू कर" हा तिचा निरोप अजून वाटेतच होता, तेवढ्यात तिकडून निरोप आला: "काम सुरू केलंय. पाणी फार छान आहे."

रेणुकाने खुर्ची मागे सरकवली आणि समाधानाने हाताची घडी घातली.