घोड्याचे पाय काहून पडतात?

तिसऱ्या दिवशीही घोड्याचे पाय गळून पडले होते.

समृद्धी वाचनालयाच्या भिंतीशी मटकन खाली बसली. वर घोड्याची मान आणि निळ्या काचेची आयाळ उन्हात चमकत होती. पोटाखाली मात्र नुसते राखाडी डाग होते आणि जमिनीवर तपकिरी टाइलच्या तुकड्यांचा सडा.

“काल चार तास लागले होते,” ती म्हणाली.

तिची मैत्रीण प्रणाली बोटांवर फुंकर घालत होती. पक्कडीने टाइल तोडून तिच्या बोटांना फोड आले होते. समृद्धीचा मावसभाऊ योगेंद्र सुट्टीसाठी बरगी गावाहून आला होता. तो तुकडे बादलीत भरू लागला.

मदन महल भागातल्या त्यांच्या कॉलनीच्या वाचनालयावर काच-टाइलच्या तुकड्यांचा हा घोडा पद्मजाताईंनी रेखून दिला होता. त्या चित्रकला शिकवायच्या. काच कशी तोडायची, तुकडे चिकटवायचा सिमेंटचा मसाला कसा कालवायचा, सगळं शिकवून त्या आठवड्यासाठी नागपूरला गेल्या होत्या. रविवारी चित्राचं उद्घाटन होतं.

तेवढ्यात कॉलनीच्या समितीचे सचिव बाबारावकाका आले.

“मी आधीच म्हटलं होतं, हे पोरांचं काम नाही. मसाल्यात पाणी जास्त टाकून राहिले तुम्ही.”

“काका, मोजून टाकतो आम्ही,” प्रणाली म्हणाली.

“मग पडतात काहून?”

योगेंद्रने घोड्याच्या मानेकडे पाहिलं.

“शनिवारपर्यंत जमलं तर ठीक. नाही तर पूरी भिंत रंगवून टाकतो,” असं सांगून काका निघून गेले.

समृद्धीने पक्कड आपटली. “रंगवू दे. मला नाही करायचं आता.”

“पण मान काहून नाही पडत?” योगेंद्रने विचारलं. “मसाला तर तोच आहे ना?”

त्या दिवशी त्यांनी एकाच घमेल्यातला मसाला घेतला. एक खूर भिंतीवर लावला, दुसरा एका सुट्या फरशीवर. सकाळी भिंतीवरचा खूर खाली पडला होता. फरशीवरचा पेचकसाच्या लोखंडी टोकाने रेटूनही हलला नाही.

फरशी घेऊन तिघं धावत काकांकडे गेली. काकांनी ती नीट पाहिलीसुद्धा नाही. “अरे, फरशी वेगळी, भिंत वेगळी. भिंतीवर हात बसावा लागतो.”

समृद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भांडणारच होती, पण प्रणालीने तिचा हात दाबला.

“बरोबर आहे, काका. आमचा हात नाही बसला. तुम्हीच एक खूर लावून दाखवा ना,” प्रणाली गोड आवाजात म्हणाली.

काका खूश झाले. संध्याकाळी वाचनालयात आलेल्या सगळ्यांसमोर त्यांनी बाह्या सरसावल्या, स्वतः मसाला कालवला आणि खूर लावला. “याला म्हणतात काम,” ते म्हणाले.

सकाळी काका आले, तेव्हा तो खूरही जमिनीवर होता.

“काका, काल मसाला कुणी कालवला होता?” समृद्धीने विचारलं.

काका वाकून पडलेले तुकडे उलटसुलट करून बघू लागले. योगेंद्रने उघड्या डागावर तळहात ठेवला, मग हात उचलून मानेशेजारच्या भिंतीवर ठेवला.

“वर गरम आहे, खाली थंडगार. मे महिन्यात भिंत थंड कशी? आमच्या घरी माठामागची भिंत अशीच लागते. आतून पाणी येऊन राहिलं.”

तिघं आत पळाली, मागोमाग काका. भिंतीच्या बरोबर मागे हात धुवायचं बेसिन होतं. त्याच्याखाली सिमेंटचा एक नवा चौकोन होता, कडेने ओला. योगेंद्रने पेचकसाने टोकरताच सिमेंटचा पोपडा सुटला. आत पाइपाला चीर होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी भिंतीत मुरत होतं.

बाबारावकाकांचे कान लाल झाले. “प्लंबर म्हणाला होता, पाइप बदला. मी म्हटलं, सध्या लिंपून टाक,” ते हळूच म्हणाले.

पाइप त्याच दिवशी बदलला. पण भिंत काही रविवारपर्यंत वाळणार नव्हती. काकांना एकेका पाहुण्याला फोन करून उद्घाटन पुढे ढकलावं लागलं. मुलं रोज सकाळी भिंतीला हात लावायची आणि वैतागून परत जायची. बारा दिवस भिंत थंडच होती. योगेंद्रची सुट्टी संपत आली, तरी तो बरगीला जायला तयार नव्हता.

तेराव्या दिवशी खालची भिंतही गरम लागली.

पद्मजाताई परत आल्या होत्या. फरशीची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “हा प्रयोग मलाही सुचला नसता.” त्या दिवशी त्यांनी एकाही तुकड्याला हात लावला नाही. चारही पाय मुलांनीच लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पोचली, तेव्हा बाबारावकाका आधीच भिंतीपाशी उकिडवे बसले होते. जमिनीवर एकही तुकडा नव्हता. काकांनी एक खूर नखाने ओढून पाहिला, मग दुसरा.

“नाही निघत,” ते म्हणाले. “चूक माझीच होती, बेटा. आणि बोलणी तुम्ही खाल्ली.”

समृद्धीने खाली वाकून चारही खुरांवरून हात फिरवला. मग ती मागे सरकली आणि पहिल्यांदाच तिने सकाळच्या उन्हात अख्खा घोडा पाहिला.