हाकेचा डबा

आधी तो डबा बंद कर. हाव, तुलाच म्हणतो. कॅमेरे घेऊन नांदेडहून आलात, पाखरांचे फोटो काढा, माझी ना न्हाई. पण पाखरांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचा तो स्पीकर माझ्या शेकोटीजवळ चालायचा न्हाई. का म्हणता? बसा खाली, सांगतो.

व्यंकटी मास्तर माझ्या चुलतभावाचा जावई. इस्लापुरात शाळेवर व्हता. माणूस भला. पोरांच्या गलोली काढून घ्यायचा, नदीकाठी लावलेले फासे तोडून टाकायचा. दर रविवारी पोरं घेऊन रानात. पोरांना बजावायचा, "घरट्यापाशी आवाज वाजवायचा न्हाई. माय उठून जाती अन् पिल्लं उघडी पडतात." म्हंजे त्याला सगळं माहीत व्हतं. म्हणूनच मला त्याचा लई राग येतो.

गेल्या साली पौषातली अमावास्या. लेक चार महिन्यांची, तिचं पोट दुखून राहिलं व्हतं. जेवणं झाल्यावर बबितानं, म्हंजे त्याच्या बायकोनं, त्याला औषधाला धाडलं. घर गावाबाहेर, शेतातल्या आखाड्यावर. घरात चौथं माणूस न्हाई. मास्तरनं गावातून बाटली घेतली, खिशात घातली. आता सरळ घरी जावं का न्हाई? पण वाटेत पैनगंगेची दरड लागती, अन् कॅमेऱ्याची पिशवी याच्या पाठीवरच.

त्या दरडीच्या कपारीत मोठ्या घुबडाचं घरटं व्हतं. दोन पिल्लं. मादी महिनाभर पिल्लांवरून हलंना, अन् याला पंख पसरलेली मादी पाहिजे व्हती. नांदेडात फोटोंचं प्रदर्शन व्हतं ना! मनात म्हणला, एकदाच वाजवू. कोण बघायलंय?

गाडी रस्त्यावर लावली. खाली उतरला, झाडाच्या बेचक्यात स्पीकर ठेवला अन् नराचा आवाज लावला. घूऽऽ... मधी थांबायचं. परत घूऽऽ...

मादी उठली. धावून आल्यावानी अंगावर आली. फोटो निघाला.

तेवढ्यात मागं कपारीत खुडबुड झाली. यानं बॅटरी मारली. रानमांजर. त्याच्या तोंडात एक पिल्लू. दुसरं आधीच गेलेलं.

मादी परत कपारीत जाऊन बसली. रिकाम्या जागेवर. ओरडली न्हाई. नुसती मास्तरकडं बघत राहिली... मास्तर घाबरला. स्पीकर तिथंच सोडून चढाला लागला.

"मामा, फोटो कसा आला व्हता?"

फोटोचं विचारू नको रे! पिल्लं गेली म्हणून सांगतोय अन् तुला फोटो सुचतोय.

तर निम्मा चढ चढला, अन् खालून हाक आली.

"आवो... इकडं या की."

बबिताचा आवाज. नदीकडून. याला वाटलं, पोरगी लई रडायली म्हणून हुडकत आली असंल. चार पावलं खाली उतरला.

"आवो... इकडं या की."

भूत तिसरी हाक मारत न्हाई म्हणतात. हिनं तिसरी मारली. चौथी मारली. तोच सूर. शेवटाला तोच बारीक खोकला. मधी तेवढंच थांबणं. बाई माणूस चारदा हाक मारतं, तर एकदा तरी चिडतं. ही चिडंना.

मास्तरला कळलं. असंच आपण आत्ता वाजवलं व्हतं...

धावत वर आला. गाडीला किक मारली. आखाड्याच्या वाटेला वळला, अन् दिव्याच्या उजेडात समोर बाई. अनवाणी. नदीकडं चाललेली.

बबिता.

यानं गाडी बंद केली. ती म्हणली, "कवाच्या हाका मारून राहिलाव? आले न्हवं मी."

"मी?"

"मंग कोण? 'बबे, ये गं,' म्हणून. नदीकडून. पडलेबिडले का काय वाटलं मला. एकसारखं आपलं... 'बबे, ये गं'... 'बबे, ये गं'..."



मंग मास्तरनं विचारलं, "लेक?"

"पाळण्यात. झोपली व्हती. कडी लावून..."



आखाड्याकडून रडणं ऐकू आलं. पोरीचं.

अन् मधीच थांबलं.

हे सगळं बबितानं मला तिच्या तोंडानं सांगितलंय; दरडीवरचं तिला मास्तरनं सांगितलेलं. सांगताना माझा हात धरला व्हता. दोघं गाडी तिथंच टाकून पळाले. ढेकळातून. काट्यातून. ती पडली, तसाच तो पुढं गेला.

कडी काढलेली. दार सताड उघडं.

आत पाळणा हलत व्हता. वारं न्हवतं.

मास्तरनं वाकून बघितलं. पोरगी व्हती. जित्ती व्हती. जागी. रडत न्हवती, वर आढ्याकडं बघत व्हती. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं.

तवा उशीपाशी दिसलं.

झाडाच्या बेचक्यात सोडून आलेला त्याचा स्पीकर. दिवा चालू. आवाज बंद.