फीत मागे राहिली

पेणच्या रामवाडीतल्या ऑफिसात महिपतीने चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच ऋतुजा आत आली. रोह्याहून पहिल्या गाडीने निघाली होती.

"आजोबांचं एकाहत्तरच्या लढाईतलं पदक परवापासून गायब आहे. आज पाचला आमच्या अष्टमी गावच्या सभागृहात सैनिकांची नावं कोरायची आहेत. त्यांचे फौजेचे कागद पुरात गेले. पदक दाखवा, नाहीतर नाव नाही, असं समिती म्हणते. आजी जेवलेली नाही."

"पेटीत काय उरलंय?" निशिगंधा म्हात्रेने विचारलं.

"नुसती फीत."

निशिगंधा उठलीच. महिपतीचा चहा राहिला. गुप्तहेराच्या हाताखाली राबण्यापेक्षा पोस्टातली नोकरी बरी होती, असं त्याला आठवड्यातून तीनदा वाटे.

अष्टमीत ऋतुजाची आजी सीताबाई पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मखमलीवर पदकाचा गोल ठसा होता. निशिगंधाने दोऱ्याने त्याचं माप घेतलं. शेजारी फीत होती, टाके अलगद कापून नीट घडी घातलेली.

"घासायला तुम्ही काढलीत का, आजी?"

"चिंचेनं घासते, व्हय. पण फीत काढत नाय, कागद गुंडाळते तिला. त्यांनीच शिवलीवती."

पुतण्या दिनेश कंपनीतली शिफ्ट बुडवून बसला होता. "माझ्यावर संशय हाय ना? काकांनी बंदूक कुठं चालवली? फौजेच्या लंगरात, भटारखान्यात रोट्या भाजल्या. नाव नाय लागलं तर काय बिघडलं?"

चोर सापडला, जेवायला घरी जाऊ, असं महिपतीला वाटलं.

"परवा कोण आलं होतं?" निशिगंधाने सीताबाईंना विचारलं.

"काळुराम, पेणचा मूर्तिकार. नाव कोरलं की सभागृहात ठेवायचा म्हणून यांचा अर्धपुतळा करतोय. लग्नातला फोटो बघायला आलावता. मी चहा टाकायला आत गेले."

काळुराम सभागृहात पुतळ्यापाशीच होता. चेहरा हुबेहूब उतरला होता. छातीवर मात्र एक गोल खळगा रिकामा होता.

"फोटोत पदक नाय. मग करणार कसं?" तो म्हणाला. खांद्यावरची पिशवी त्याने खाली ठेवली नाही. निशिगंधाने दोरा खळग्यावर धरून पाहिला.

चार वाजता तिने सगळ्यांना तिथंच बोलावलं. समितीचे अध्यक्षही आले.

"विकणारा पदक फितीसकट नेतो. राग असलेला पेटीच उचलतो. फीत काढून, घडी घालून कोण ठेवतो? ज्याला पदक भिजवायचंय आणि फीत जपायचीय तो. आजी कागद गुंडाळतात. मग उरला साचा काढताना प्लास्टर चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी लावणारा. काळुराम, फोटोत पदक नाही, तरी खळगा पेटीतल्या ठशाच्या बरोबर मापाचा. माप कुठून घेतलंत?"

काळुरामने पिशवी खांद्यावरून उतरवली. "त्याच दिवशी परत ठेवणार होतो, ताई. पदकाला साबण लावला, फितीची वरची कडी विसरलो. इतकी वर्षं साचे काढतोय आणि कडी विसरलो! प्लास्टर तिच्यात शिरून घट्ट बसलं. काठावर नाव, फौजेतला नंबर हाय. फोडताना ते खरवडलं तर, म्हणून हात धजत नाय."

त्याने पिशवीतून पांढरा गोळा काढला.

"फोड," सीताबाई म्हणाल्या.

छिन्नीचे तीन हलके घाव बसले आणि गोळा दुभंगला. पदक शाबूत होतं. अध्यक्षांनी चष्मा चढवला, पण काठावरचे बारीक आकडे त्यांना लागेनात. सीताबाईंनी पदक घेतलं, काठावरून बोट फिरवलं आणि न पाहता सगळा नंबर धाडधाड म्हणून दाखवला. महिपतीने भिंगातून एकेक आकडा ताडून पाहिला. एकही चुकला नव्हता.

"शाळा नाय शिकले मी. यांना पत्र मास्तर लिवायचे, पण पाकिटावर हा नंबर मी माझ्या हातानं काढायची. तेवढेच आकडे येतात मला."

अध्यक्षांनी पाथरवटाला हाक मारली.

"लढाईत रोट्या भाजणाऱ्यालाही पदक मिळतं, दिनेश," निशिगंधा म्हणाली.

मापाचा तो दोरा दिनेशने तिच्याकडून मागून घेतला.

"काकी, सुई हाय का? फीत मी शिवतो."