अकरा सेकंदांची चाल

सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा. सकाळचं फुटेज. अकरा सेकंद.

मांडीचा घेर तीन सेंटिमीटरने कमी. व्हेंटिलेटरवरचा बारावा दिवस.

जिना उतरताना कठड्याला धरून "आई गं" म्हणणारा एक उजवा गुडघा, वय त्रेसष्ट.

मिरज, २०६१.

"काकू, स्नायूला काम नसलं की शरीर त्याला खाऊन टाकतं," डॉ. मुजावर सांगत होते. "फुफ्फुसं सुधारतील. पण ओवी उठेल तेव्हा पाय उरायला हवेत ना?"

ओवी खो-खो खेळायची. समोर बसलेल्या मृणालताई तिच्या सासूबाई.

उपचाराचं नाव होतं उसनी चाल. निरोगी माणसाने कंबरेला आणि पायांना पट्टे बांधून ट्रेडमिलवर चालायचं. त्याच्या स्नायूंतले विद्युत्‌संकेत त्याच क्षणी रुग्णाच्या स्नायूंना मिळतात आणि बेशुद्ध पाय पलंगावर चालू लागतात. अट एकच, दोघांची उंची सारखी हवी. ओवीचा नवरा निषाद सहा फूट. सासूबाई मात्र नेमक्या तिच्याएवढ्या.

"एक अडचण आहे. सहा आठवड्यांत मज्जारज्जू ही चाल पाठ करतो. आधीची पुसली जाते. ओवी उठेल ती तुमच्यासारखी चालत."

"म्हणजे लंगडत?"

"थोडंसं."

"आणि मैदानावर?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मीच तिच्यासारखी चालायला शिकते."

"काकू, या वयात?"

"चार दिवस द्या. मग पट्टे बांधा."

सामन्यांच्या व्हिडिओंत ओवी नुसती पळत होती, नाहीतर सूर मारत होती. सलग, एकटी चालताना ती फक्त गेटवरच्या फुटेजमध्ये सापडली. निषादने ते पाहून तोंड फिरवलं.

"आई, हे नको. तू तुझीच चाल दे. घरातल्या घरात वावरायला पुरे की ती!"

"घरातल्या घरात?" मृणालताई म्हणाल्या, आणि त्यांनी फुटेज पुन्हा सुरू केलं.

लांब पाऊल. ताठ मान. डावा खांदा किंचित खाली. चार दिवस रोज सहा तास मृणालताई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत राहिल्या. मग सहा आठवडे ट्रेडमिल, सकाळ-संध्याकाळ. गुडघा सुजला. बर्फ लावून पुन्हा ट्रेडमिल.

"आजच्या दिवस राहू द्या, काकू."

"माझी सून चालत्येय. तिला मध्येच कशी थांबवू?"

नळी निघाली. आठवड्याने ओवी उभी राहिली.

पहिलंच पाऊल लांब पडलं. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. ओवी पलंगापासून खिडकीपर्यंत गेली, खिडकीपासून दारापर्यंत. मान ताठ. निषादने हाक मारली. ती वळली नाही.

"आई," ओवी घाबरून म्हणाली, "मला थांबायचंय की नाही तेच कळत नाहीये. पाय निघालेत."

"जाऊ दे त्यांना."

"खांदा का झुकतोय हिचा?" डॉ. मुजावर पुटपुटले. "सरळ करता येईल."

"हात लावू नका," मृणालताई म्हणाल्या, आणि सुनेच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. तस्संच लांब पाऊल टाकत, डावा खांदा खाली सोडून.

त्या अकरा सेकंदांत ओवीच्या डाव्या हातात बॅग होती. आजारी पडायच्या नऊ दिवस आधी ती घर सोडून गेली होती.